गावकीचा हिशोब मांडावर, घरातलं कर्ज मात्र पिशवीत

श्रावण सरत आला की कोकणात एक वाद ठरलेला असतो. ऋण काढून सण कशाला, असं एक बाजू विचारते. मुंबईचा चाकरमानी पर्सनल लोन काढून गणपतीला येतो, घरातल्या पाच-सहा माणसांचं तिकीट, मखर, भजनी मंडळींचा पाहुणचार, येताना प्रत्येकासाठी काहीतरी, आणि मग पुढचे अकरा महिने हप्ते फेडत बसतो. अंथरूण पाहून पाय पसरायला कोकणी माणूस कधी शिकणार? दुसरी बाजू उसळून उत्तर देते की गणपती हा आमचा जीव आहे, वर्षातून एकदा गावी जायचं त्यातही हात आखडता घ्यायचा का? शिमग्याला हाच वाद पालखीसोबत पुन्हा घरोघर फिरतो. दोन्ही बाजूंना ऐकून घेतल्यावर माझं मत असं झालं आहे की हा वाद मुळातच चुकीच्या जागी अडकला आहे. आमची घरं बुडतात ती कर्ज काढल्यामुळे कमी आणि ते कर्ज घरातल्यांपासून लपवल्यामुळे जास्त. नवरा, बायको, म्हातारे आईवडील आणि कळती मुलं यांना माहीत असलेलं कर्ज रडतखडत का होईना, फिटतं. एकट्याने दडवून ठेवलेलं कर्ज मात्र दुसरं कर्ज काढायला लावतं, कारण पहिलं उघड होऊ द्यायचं नसतं. सण साजरा करावा की नाही हा प्रश्न मागाहूनचा. घरातला हिशोब कुणाकुणाला माहीत आहे, हे आधी विचारायला हवं.

काटकसरीचा आग्रह धरणाऱ्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. भपका आहे, आणि तो वाढला आहे. लग्नात हळदीला डीजे, मानपानाच्या साड्या, हॉल, वर प्री-वेडिंगचं शूटिंग. त्याहून मोठं उदाहरण म्हणजे गावातली स्लॅबची घरं. संगमेश्वर, लांजा, राजापूर, कुठल्याही वाडीत जा, कौलारू घर पाडून बांधलेलं टाइल्सचं घर दिसेल आणि त्याला अकरा महिने कुलूप दिसेल. दिव्यात किंवा नालासोपाऱ्यात दहा बाय पंधराच्या खोलीत राहणारं कुटुंब गावच्या बंद घराचे हप्ते भरत असतं, पावसाळ्यात गळती काढायला पुन्हा पैसे पाठवत असतं. हे समर्थनीय आहे असं मी म्हणणार नाही. पण ते घर बांधायचं कुणी ठरवलं? बहुतेक वेळा एका माणसाने, भावकीत मान खाली जाऊ नये म्हणून. बायकोला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आधी इथली भाड्याची खोली सोडवू. मुलीला विचारलं असतं तर तिने कॉलेजच्या फीचा विषय काढला असता. म्हणजे उधळपट्टीचं हे सर्वांत ठळक उदाहरणसुद्धा शेवटी एकट्याने घेतलेल्या निर्णयाचंच निघतं.

आणि काटकसर पुरेशी असती तर आमच्या आज्या-आजोबांना कर्ज झालंच नसतं. 'कोकणी माणूस कर्जाला भितो' असं अभिमानाने सांगितलं जातं. गावापुरतं ते बरंचसं खरंही होतं, कारण बँक गावात नव्हती आणि पैसा मनिऑर्डरीने येत होता. पण कर्ज होतं. फक्त त्याचा पत्ता परळ-लालबागचा होता. खानावळीत जेवून, एका खोलीत पाळीपाळीने झोपून, पै-पै वाचवून गावी पैसे धाडणारा गिरणी कामगार हा काटकसरीचा कळस होता, तरी पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात व्याजाने पैसे देणारा पठाण उभा असायचा. कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात नोंदवलं आहे की रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा सर्रास चालणारा दर होता. वर्षाचे झाले ७५ टक्के. वसुलीसाठी कारखान्याच्या दाराशी पाळत ठेवणं हा गुन्हा ठरवा, अशी शिफारस त्या आयोगाला करावी लागली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर बसले आणि मनिऑर्डर थांबली. त्या वेळी गावोगाव ज्या पाटल्या आणि बोरमाळा पेढीवर गेल्या, त्या कुठल्या भपक्यासाठी गेल्या होत्या?

आज तर आणखी एक गाठ पडली आहे, तिच्याकडे सणाच्या वादात कुणी बघतच नाही. कोकणातलं उत्पन्न हंगामी आहे आणि हप्ता महिन्याच्या ५ तारखेचा. हापूसचा मोहोर हिवाळ्यात येतो, फवारण्या तेव्हापासून सुरू होतात, राखणदाराचा पगार सुरू होतो, आणि पैसा हातात येतो तो मार्च ते मे. थ्रिप्सच्या किडीने किंवा अवकाळीने मोहोर जाळला तर तोही येत नाही. मच्छीमाराची तर सरकारी सुट्टीच असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात जायला बंदी. माशांच्या विणीच्या काळात ती हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण खलाशाच्या मोटारसायकलचा हप्ता त्या दोन महिन्यांत थांबतो का? मायक्रोफायनान्सची पंधरवड्याची वसुली थांबते का? नेमकी त्याच दिवसांत शाळेची फी, वह्या-पुस्तकं, छत्र्या, घर शाकारणं आणि आजारपणं. मग जुलैचा हप्ता भरायला जुलैतच नवं कर्ज निघतं, आणि हंगामात आलेला पैसा त्या नव्या कर्जाचं व्याज खाऊन टाकतं. महिन्याचा पगार गृहीत धरून लिहिलेले बचतीचे सल्ले इथे निरुपयोगी आहेत. देवगडच्या बागायतदाराला 'पगारातले २० टक्के बाजूला टाका' असं सांगून काय उपयोग? त्याला जूनमध्ये हातात असलेल्या रकमेतून पुढच्या फेब्रुवारीपर्यंतचे हप्ते आधी वेगळे काढून ठेवावे लागतात, आणि ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असल्याशिवाय टिकत नाही. बँकेत पैसे दिसताहेत म्हटल्यावर मुलगा मोबाइल मागतो. त्याची चूक काय?

इथे कुणी म्हणेल, हंगामी उत्पन्नासाठी पीककर्ज आहे की. आहे, आणि स्वस्त आहे. ३ लाखांपर्यंत ७ टक्के, वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीने ४, आणि त्यापुढे राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत. मग बागायतदार वाशीच्या फळबाजारातल्या दलालाकडून उचल का घेतो? कारण त्याचा सातबारा. आमच्याकडच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असणं नवं नाही. त्यातले तिघे वारलेले, त्यांची वारस नोंद राहिलेली, दोघे ठाण्यात, एक बहीण बेळगावला आणि एका चुलत्याशी दहा वर्षं बोलणं नाही. सगळ्यांच्या सह्या आणायच्या कुठून? मग माणूस दलालाकडे जातो. उचल मिळते, पण पेटी त्याच्याकडेच घालायची आणि भाव तो सांगेल तो. खतं, पेट्या, गवत यांसाठी घेतलेल्या रकमेचं खरं व्याज मग कुठल्याच कागदावर दिसत नाही, ते पडलेल्या भावात मुरलेलं असतं. रखडलेली वारस नोंद आणि भावकीतला अबोला यांची किंमत आपण अशी दरसाल मोजतो, आणि नाव मात्र मखराचं घेतो.

दुसऱ्या टोकाला असलेल्यांचंही ऐकायला हवं. त्यांच्या मते व्यक्तीला दोष देणंच चूक. रोजगार नाही, दवाखाने नाहीत, वादळं वाढली. माणूस कर्ज काढणार नाही तर काय करील? यातलं जवळपास सगळं मला मान्य आहे. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण आजही गोव्याला बांबोळीला न्यावा लागतो, रत्नागिरीतला कोल्हापूरला किंवा मुंबईला. गाडीभाडं, सोबतच्या माणसाचा खर्च आणि बुडालेली मजुरी उसनवारीनेच भागते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचं रोप लावल्यावर फळायला पाच-सहा वर्षं तरी जातात. पुढच्या वर्षी चिपळूणची बाजारपेठ पुरात गेली. या माणसांना काटकसर शिकवायला जाणं हा निर्दयपणा आहे. पण एवढं मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. व्यवस्था बदलेपर्यंत त्या घराने काय करायचं? सुपारी फळायला सहा वर्षं लागणार हे माहीत असताना दोन वर्षांच्या हप्त्याने कर्ज उचललं गेलं, तर त्या सहीच्या वेळी घरातल्या कुणीतरी 'थांबा' म्हणायला हवं होतं. ते म्हणायला दुसरं कुणी तिथे हजर तरी हवं ना? कर्जमाफीची आशा यात फार कामाची नाही. २०१७ ची काय, २०१९ ची काय, माफी शेतीकर्जाची होती. क्रेडिट कार्ड, ॲपवरचं कर्ज, पतसंस्थेचं वैयक्तिक कर्ज, गटाचं कर्ज यांना ती शिवली नाही.

आता लपवण्याकडे येतो. किनाऱ्यावरच्या वाडीत दुपारी अडीच-तीनच्या सुमारास कुठल्या ना कुठल्या पडवीत मायक्रोफायनान्सची बैठक भरलेली दिसते. दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या हातात घामाने मऊ झालेलं कार्ड, मोटारसायकलवरून आलेला पोरगेला वसुलीवाला आणि मध्ये चटईवर नोटांच्या चळती. एखादीचे पाचशे कमी पडले तर बाकीच्या घालतात, कारण गटाची हमी आहे. कर्ज तिच्या नावावर असतं. पैसा अनेकदा नवऱ्याच्या मासेमारीच्या जाळ्यांत, दिराच्या रिक्षात नाहीतर मुलाच्या ॲडमिशनमध्ये गेलेला असतो. घरी गेल्यावर ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत साड्यांच्या खाली जातं, कारण तिसऱ्या गटाचं कर्ज घेतल्याचं घरात सांगितलेलं नसतं. आणि तिकडे मुंबईत नवऱ्याच्या फोनमध्ये दोन ॲप असतात, तीही तिला ठाऊक नसतात. विचारलं तर उत्तर तयार असतं, "तिका सांगान काय होतला? उगाच जीवाक घोर लावन घेतली." म्हणजे एका छपराखाली दोन माणसं वेगवेगळी बुडत असतात आणि दोघांना वाटत असतं की आपण दुसऱ्याला वाचवतोय. या भावनेची मी टिंगल करणार नाही. ती मायेपोटी आहे हे खरंच आहे. पण व्याज मायेने थांबत नाही.

रिझर्व्ह बँकेला हे केव्हाच कळलं आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या मायक्रोफायनान्सच्या नियमांत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं, असं स्पष्ट लिहिलं आहे. या सगळ्यांचं उत्पन्न आणि सगळ्यांचे हप्ते एकत्र धरायचे, आणि हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ द्यायचे नाहीत. दिल्ली-मुंबईच्या कचेरीत बसलेला नियामक आमचं घर एक धरतो आणि आम्ही मात्र ट्रंकेतली पिशवी वेगळी आणि फोनमधलं ॲप वेगळं ठेवतो. आणि हे कुणी करावं? हिशोब जाहीर मांडण्यात ज्यांचा हात धरणारा नाही अशा माणसांनी! आमच्या गावकीत उत्सव संपला की देवस्थानची वही उघडते, वर्गणी कुणाची आली, कुणाची राहिली, नारळ किती लागले, ढोलवाल्यांना काय दिलं, हे मांडावर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातं. पन्नास रुपयांचा मेळ बसेना तर रात्री बारापर्यंत बैठक चालते आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. देवाच्या पैशाला जी शिस्त आपण लावतो ती पोरांच्या पैशाला लावताना आब कुठून आडवा येतो?

अब्रूचा मुद्दा हा विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. घरात सांगितलं की शेजारी कळतं, शेजारी कळलं की वाडीत, आणि वाडीत कळलं की मुलीची सोयरीक मोडते. वाडीचं कान कसं असतं हे कोकणात राहिलेल्याला सांगायला नको. तरी हिशोब मांडून बघा. लपवलेलं कर्ज लपून राहतं का? मेहुण्याला जामीन घातलेलं असतं. त्याला बातमी पतसंस्थेच्या नोटिशीतून कळते. ॲपवाला फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना फोन लावतो. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, मायक्रोफायनान्सवाल्याने ९ ते ६ च्या बाहेर यायचं नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना छळायचं नाही, हे नियम २०२२ पासून आहेत. पण ज्या घरात कर्ज कुणाला माहीतच नाही, त्या घरात या नियमावर बोट ठेवून तक्रार करणार कोण? चोरून कर्ज घेतलेला माणूस वसुलीवाल्याच्या शिव्याही चोरूनच खातो.

इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून उसळलेल्या दख्खनच्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या कर्जरोख्यांवर होता. ते रोखे हिसकावून जाळले गेले. कागदावर काय लिहिलंय हे ऋणकोला कधी कळू दिलं जात नव्हतं, हा त्यामागचा मोठा संताप. त्यातून १८७९ चा शेतकरी ऋणनिवारण कायदा आला आणि सावकाराने पावती दिली पाहिजे, वर्षाचा हिशोब लिहून दिला पाहिजे, पासबुक दिलं पाहिजे हे हक्क कायद्यात आले. पुढे कोकणातच, अलिबागजवळच्या चरीत, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ खोताची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, जमीन कसायची नाही असा संप चालवला. सहा वर्षं! रानातली लाकडं विकून, मिळेल ते खाऊन लोक राहिले. घरातल्या बाईला अंधारात ठेवून तो संप सहा दिवस तरी टिकला असता का? १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. ज्यांनी उघडपणे, घराघराने ठरवून खोताला तोंड दिलं, त्यांची नातवंडं आज ॲपच्या हप्त्याला एकेकटी तोंड देतात हे मला खुपतं. १८७९ चं पासबुक आज पुन्हा आलेलं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदतीच्या कर्जांना मुख्य तथ्य पत्रक देणं बंधनकारक आहे, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. मराठीत मागा. आणि सही करण्याआधी ते घरी आणून बायकोसमोर मोठ्याने वाचा.

मोठ्याने वाचलं तर काय दिसतं? '१२ टक्के फ्लॅट' म्हणून, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज लावून, तीन वर्षांसाठी घेतलेल्या १ लाखाचे ३६,००० व्याज जातं आणि घटत्या शिलकीवर तो दर २१ टक्क्यांच्या आसपास बसतो. क्रेडिट कार्डवर ५०,००० थकले आणि महिना साडेतीन टक्के दराने व्याज लागलं तर १,७५० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५. 'किमान रक्कम' म्हणून ५ टक्के, म्हणजे २,५०० भरले, तर मुद्दल घटतं ४३५ रुपयांनी. पठाणाच्या आण्याशी तुलना करून बघा. फार लांब आलेलो नाही. त्याच ५०,००० साठी बँकेत दागिना तारण ठेवला तर व्याज साधारण १० टक्क्यांच्या घरात, वर्षाला पाचेक हजार. म्हणजे महाग कर्ज आधी आणि स्वस्त कर्ज नंतर, हे गणित सातवीतल्या पोरालाही जमेल. पण दागिना तिचा आहे, स्त्रीधन आहे. कशासाठी ठेवतोय, कधी सुटणार, हे तिला सांगितल्याशिवाय तो मागायचा नवऱ्याला काय अधिकार? ती स्वतःहून काढून देते ती घरं मी पाहिली आहेत. तिथे आधी सगळं सांगून झालेलं होतं. गृहकर्ज तरत्या दराचं असेल तर बँकेने मुदतीआधी फेडीवर दंड घ्यायचा नाही हेही २०१२ पासून ठरलेलं आहे. मेअखेरीस आंब्याचा पैसा आला की थोडा मुद्दलात टाकता येतो.

फेडताना संसाराचं काय करायचं, याबद्दल मात्र मी काटकसरवाल्यांच्या सरळ विरोधात आहे. सगळं बंद करा, दोन वर्षं गावी जाऊ नका, डबल ड्यूटी करा, असे सल्ले सर्रास दिले जातात. कोकणी कुटुंबाला हा सल्ला देणाऱ्याला आमचा इतिहास ठाऊक नाही. शंभर वर्षं आमच्या बायकांनी नवरा मुंबईत आणि आपण गावात असा अर्धा संसार केला, मुलांनी बाप वर्षातून दोनदा पाहिला. ताटातूट हीच आमची सर्वांत जुनी काटकसर होती. आता आणखी किती? चार रात्रींची गणपतीची भेट ही चैन नाही. सगळी माणसं एका जागी बसतात असे ते चार दिवस वर्षात पुन्हा येत नाहीत. आईच्या बीपीच्या गोळ्या, मुलांची फी आणि गावची एक फेरी, एवढं सोडून बाकी सगळ्याला कात्री लागू दे. मखर पुठ्ठ्याचं होऊ दे, पाहुण्याला चहा-चिवड्यावर भागवू दे, मानपान बंद होऊ दे. मुलांना कारण सांगितलेलं असेल तर ती पुठ्ठ्याचं मखर स्वतः रंगवतात. न सांगता कपात केली की त्यांना बाप चिडका झालाय एवढंच कळतं.

सांगितलं तर भांडण होईल, ही शेवटची हरकत. होईलच. म्हातारा बाप दोन दिवस जेवणार नाही, बायको माहेरचं नाव काढील, भाऊ म्हणेल मला आधी का नाही सांगितलंस. ते सोसावं लागेल, आणि पहिलं तोंड उघडायचं काम मुंबईहून येणाऱ्याने करावं असं मला वाटतं, कारण बहुतेक घरांत सर्वांत महाग कर्ज त्याच्याच फोनमध्ये असतं. गौरी जेवल्या की दुपारी ओटीवर बसायचं, ट्रंकेतली कार्डं, पतसंस्थेची पासबुकं, फोनमधली ॲपं, दलालाची चिठ्ठी आणि सातबाऱ्याचा उतारा एकत्र ठेवायचा, आणि देवस्थानची वही वाचतात तसं एकेक नाव, एकेक रक्कम, एकेक व्याजाचा दर वाचायचा. चुलता गावी आलेलाच असतो. वारस नोंदीच्या अर्जावर त्याची सही त्याच बैठकीत मागता येते.